नुसतं बोलण्यापुरतं

कळंबोलीत लोखंड बाजाराच्या मागच्या अंगाला, रंगाच्या दुकानाच्या वर, संघप्रियाचा इंग्रजी बोलायला शिकवण्याचा क्लास होता. दुपारची बॅच बायकांची. खालून सतत ट्रेलर जायचे, खिडकीच्या काचा थरथरायच्या, आणि एखादा लांबलचक ट्रेलर वळत असला की शिकवणं थांबवून सगळ्या तो जाईपर्यंत गप्प बसायच्या.

एप्रिलमधल्या एका दुपारी मैत्री धापा टाकत जिना चढून आली आणि बाकावर अंग टाकत म्हणाली, "मॅडम, काय ऊन आहे! मी लिटरली मेले."

"मग आता बोलतंय कोण?" संघप्रियाने विचारलं.

सगळ्या हसल्या. मैत्रीला एका कॉल सेंटरमध्ये मुलाखत द्यायची होती आणि दर वाक्यात 'लिटरली' घातलं की इंग्रजी भारी वाटतं, असं तिने कुठल्यातरी व्हिडिओत पाहिलं होतं. संघप्रियाने ठरवलेला धडा बाजूला ठेवला आणि फळ्यावर दोन शब्द लिहिले.

"लिटरली म्हणजे शब्दशः. बोललं तेच झालं. मैत्री लिटरली मेली असती तर आता आपण रडत बसलो असतो. ती मेली ती फिगरेटिव्हली. पोटात कावळे ओरडतात, डोक्याचा भुगा होतो, पाय गळून पडतात. यातलं खरंखुरं काहीच होत नाही. शाळेत लक्ष्यार्थ शिकलो होतो, आठवतंय का कुणाला?"

कुणालाच आठवत नव्हतं. वेणूबाई बॅचमधल्या सगळ्यात मोठ्या. नात इंग्रजी शाळेत जायला लागली, तिच्याशी बोलता यावं म्हणून त्या येत. त्यांनी तो शब्द दोन-तीनदा तोंडात घोळवून पाहिला. जमला नाही.

"शब्द राहू द्या मॅडम, अर्थ कळला," त्या म्हणाल्या. "नुसतं बोलण्यापुरतं. करायचं काय नाय."

"अगदी बरोबर."

खिडकीपाशी बसलेल्या जाईने मात्र तो शब्द पहिल्याच फटक्यात नीट म्हटला. जाई माणगावकडची. लग्न होऊन नावडे कॉलनीत आली होती. नवऱ्याचे, निशांतचे ट्रेलर होते आणि एक्सप्रेसवेजवळ कंटेनर ठेवायचं यार्ड होतं. बॅचमध्ये ती सगळ्यात कमी बोलायची, पण उच्चार सगळ्यात स्वच्छ तिचे. "फिगरेटिव्हली," ती पुन्हा एकदा हळूच म्हणाली.

"उद्या येताना घरात ऐकलेलं एकेक वाक्य आणा," संघप्रिया म्हणाली. "बोललं जातं, पण तसं नसतं, असं वाक्य. मराठीत चालेल. फक्त पुढे फिगरेटिव्हली लावायचं."

दुसऱ्या दिवशी क्लासात नुसता धुमाकूळ होता. एकीची आई म्हणायची, तंगडं तोडून हातात देईन. एकीची जाऊ पोराला म्हणायची, सोलून काढीन. वेणूबाईंच्या सासूबाई म्हणे रोज सकाळी सुनांना उभं चिरायच्या आणि संध्याकाळी त्यांच्याच हातून पाय चेपून घ्यायच्या. प्रत्येक वाक्यानंतर सगळ्या मिळून ओरडायच्या, "फिगरेटिव्हली!" आपण एकमेकांना किती सहज मारतो, जाळतो, गाडतो याचं संघप्रियाला स्वतःलाच हसू येत होतं.

"जाई, तुझं?"

जाई उठून उभी राहिली. "आमचे मिस्टर म्हणाले, चहा परत गार आणलास तर हात तव्यावर ठेवीन. फिगरेटिव्हली."

"फिगरेटिव्हली!" सगळ्या ओरडल्या.

जाई हसली आणि बसली. बसताना तिने बाकाला हात लावला नाही. उजवा हात ओढणीत गुंडाळलेला होता.

क्लास सुटल्यावर संघप्रियाने तिला थांबवून घेतलं. "हाताला काय झालं?"

"भाजलं, मॅडम."

"दाखव."

जाईने आधी दरवाजाकडे पाहिलं. मग ओढणी सोडली. चारही बोटांच्या टोकांपासून तळव्यापर्यंत कातडी उललेली होती. भाकरी उलटताना बोटं भाजतात, एखादा चटका बसतो. हा हात कुणीतरी धरून टेकवलेला होता.

जाईनेच विचारलं, अभ्यासातली शंका विचारावी तसं.

"मॅडम, माणूस आधी नुसतं बोलतो. तेव्हा ते फिगरेटिव्हली. मग दोन दिवसांनी तेच करतो. मग शब्द बदलतो का?"

"बदलतो."

"पण मग तो बोलला त्या दिवशी आपण कुठला शब्द लावायचा? त्या दिवशी कसं ओळखायचं?"

खालून ट्रेलर गेला, काचा वाजल्या. ट्रेलर गेल्यावर संघप्रिया म्हणाली, "जाई, तू माहेरी जा. भावाला सांग."

"सांगितलं. दादा म्हणतो, रागात माणूस बोलतो. आमचे बाबा पण असंच बोलायचे, हात नाही उचलला कधी." ओढणी पुन्हा गुंडाळत ती म्हणाली, "बाबांनी खरंच नाही उचलला."

घरी गेल्यावर संघप्रियाने सुगतला, नवऱ्याला, सगळं सांगितलं. सुगत बेलापूरला एका कार्यालयात कारकून होता, शांत डोक्याचा. तो म्हणाला, "तक्रार तिने करायला हवी. तू केलीस आणि ती उलटली, तर तो तुझ्यावर येईल. ट्रान्सपोर्टवाली माणसं आहेत ती."

"म्हणून गप्प बसायचं?"

"गप्प बस नाही म्हणत. तिच्या मागे उभी राहा. पण तिला उभं राहू दे आधी."

हे बोलणं संघप्रियाला पटलंही आणि आवडलंही नाही.

त्यानंतर जाई रोज येत होती. वर्गात ती नेहमीसारखी गप्प असायची. सगळ्या गेल्या की एक वाक्य सांगायची. मोबाईल खलबत्त्यात कुटीन. दुसऱ्या आठवड्यात तिच्याकडे मोबाईल नव्हता. भादरून बाहेर काढीन. त्यानंतर ती डोक्याला रुमाल बांधून आली आणि मैत्रीने स्टाईल म्हणून कौतुक केलं. निशांत कधी आवाज चढवत नसे, हे तिने पुन्हापुन्हा सांगितलं. जेवताना, टीव्ही बघताना, मित्र घरी आलेले असताना तो हसत हसत बोलायचा. मित्रही हसायचे. जाईसुद्धा हसायची, कारण हसली नाही तर मस्करी कळत नाही म्हणून वेगळी शिक्षा.

"आता काय म्हणाला?" एक दिवस संघप्रियाने विचारलं. जाई नुसतीच उभी होती.

"परवा त्याचे पार्टनर जेवायला होते. मी एका वाक्यात इंग्रजी बोलले. तर म्हणाला, हिला एका रिकाम्या कंटेनरमध्ये घालून कुलूप लावतो, मे महिन्यात. वास आला की लोक उघडतील." जाईने रुमालाची गाठ घट्ट केली. "सगळे खूप हसले, मॅडम."

"आज इथूनच माझ्या घरी चल."

"आज नको. माझी कागदपत्रं घरात आहेत. सोमवारी तो पुण्याला जाणार आहे. सोमवारी निघते. दादाला वेणूबाईंच्या फोनवरून सांगितलंय, न्यायला ये म्हणून."

"आला तर?"

"येईल. या वेळी मी रडले नाही, सरळ सांगितलं. म्हणून दादा घाबरला."

शनिवारी दुपारी क्लास चालू असताना दारात एक माणूस येऊन उभा राहिला. गोरा, नीट विंचरलेले केस, पांढरा शर्ट, हातात हापूसची पेटी. जाई पटकन उठून उभी राहिली, तेव्हा सगळ्यांना कळलं की हा तिचा नवरा.

"बसा, बसा. डिस्टर्ब नाही करत," निशांत म्हणाला आणि पेटी टेबलावर ठेवली. "मॅडम, देवगडचा आहे. बायकांना वाटा. आमच्या हिला तुम्ही बोलकी केलीत. आधी तोंडातून शब्द निघत नव्हता."

"हुशार आहे ती," संघप्रिया म्हणाली.

"आहे ना. परवा झोपेत एक शब्द बोलत होती. फिगर... काय तो?"

जाई खाली मान घालून उभी होती.

"फिगरेटिव्हली," संघप्रियाने सांगितलं.

"हां. मी मोबाईलवर अर्थ बघितला. चांगला आहे. आमच्या लाईनमध्ये तोंड जरा खराब असतं मॅडम, बोलायची पद्धत आहे. आता वापरायला एक शब्द मिळाला." तो हसला. मग त्याने खोलीभर नजर फिरवली. खिडकीच्या गजांवर, दारावर, जिन्यावर. "जिना फारच अरुंद आहे हो. एकच वाट. आणि खाली रंगाचं दुकान, थिनरचे डबे. काही पेटलं-बिटलं तर एवढ्या बायका कुठून उतरणार? काळजी घ्या."

एवढं बोलून तो जाईला घेऊन गेला. जिन्यावरून त्याच्या बुटांचा आवाज सावकाश उतरत गेला. आंब्याच्या पेटीला कुणी हात लावला नाही. वेणूबाई उठल्या, त्यांनी दाराला आतून कडी घातली, आणि मग आपण कडी का घातली तेच न कळून परत काढली.

सोमवारी जाई आली नाही. यायचीच नव्हती, ती माहेरी निघणार होती. पण क्लास भरायच्या आधी वेणूबाईंचा फोन वाजला. जाईचा भाऊ होता. तो सकाळपासून नावड्याला तिच्या घराखाली उभा होता. दाराला कुलूप. निशांतला फोन केला तर तो म्हणाला, जाई कालच माहेरी गेली, भांडून गेली, तुमच्याकडेच असेल.

"मॅडम, काल संध्याकाळी मी तिला त्याच्या गाडीत बघितली," वेणूबाई फोन ठेवत म्हणाल्या. त्याही नावड्यालाच राहत. "पुढच्या सीटवर होती. हात केला मी, तिने बघितलं नाही. हातात बॅग-बिग काय नव्हती."

संघप्रियाने फळा तसाच ठेवला, बायकांना घरी पाठवलं आणि वेणूबाईंना घेऊन ती आधी पोलीस चौकीवर गेली. तिथल्या हवालदाराने शांतपणे ऐकून घेतलं, पाणीही दिलं.

"नवरा म्हणतो माहेरी गेली. भाऊ म्हणतो आली नाही. मैत्रिणीकडे गेली असेल. चोवीस तास बघू."

"तो म्हणाला होता तिला कंटेनरमध्ये कोंडीन."

"अहो मॅडम," हवालदार समजावणीच्या सुरात म्हणाला, "माणूस काय वाटेल ते बोलतो. मी पण बायकोला म्हणतो, एक दिवस खाडीत ढकलून देतो. ती बसलीय ना घरी टीव्ही बघत?"

"हा जे म्हणतो ते करतो. हात तव्यावर ठेवीन म्हणाला, ठेवला. केस कापीन म्हणाला, कापले. मी डोळ्यांनी बघितलंय."

"त्याची तक्रार आहे का तिची?"

तक्रार नव्हती. संघप्रिया उठली. बाहेर ऊन असं होतं की डांबर चपलेला चिकटत होतं. घड्याळ बघायची तिला भीती वाटली. काल संध्याकाळपासून किती तास झाले ते तिला मोजायचं नव्हतं. रिक्षात बसून तिने सुगतला फोन केला. तो फक्त म्हणाला, "यार्डाचा पत्ता पाठव. निघालो."

निशांतचं यार्ड सर्व्हिस रोडच्या आत होतं. पत्र्याचं कुंपण, आत मातीचं मोठं मैदान, आणि एकावर एक रचलेले लाल, निळे, गंजलेले कंटेनर. फाटकाशी खुर्ची टाकून म्हातारा वॉचमन बसला होता. सिताराम त्याचं नाव, मूळचा तळवली गावातला.

"मालक नाय. पुन्याला गेलाय," तो म्हणाला.

"जाई कुठे आहे, काका?"

म्हाताऱ्याने नजर वळवली. "बाय म्हायेरी गेलीय."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"मालकानं. कोनी इचारला तं सांग म्हनला, बाय म्हायेरी गेली."

"काका, मालकाची बायको माहेरी गेली का नाही, हे यार्डात येऊन कोण विचारणार होतं? तुम्हाला आधीच का सांगून ठेवलं त्याने?"

सितारामला हे सुचलं नव्हतं, की सुचूनही त्याने मनाआड केलं होतं, कळेना. तो खुर्चीतून उठला, परत बसला. वेणूबाई त्याच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. "दादा, तुमच्या घरी लेक असेल. काय ऐकलंत का तुमी? खरं सांगा."

"आवाज येत व्हता," म्हातारा खाली बघत म्हणाला. "सकालच्या पारी. तिकरं, मागं. मी मालकाला फोन केला. तो हसला. म्हनला, उनानं पत्रा तडतडतो, तू नको टेन्शन घेऊ. आता दुपारपासून नाय येत आवाज."

त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत संघप्रिया पळाली. कंटेनरांच्या रांगांमधून गल्ल्या होत्या आणि गल्ल्यांमध्ये भट्टीसारखी धग. ती हाका मारत प्रत्येक दारावर थापा मारत सुटली. पत्रा इतका तापला होता की दुसऱ्या-तिसऱ्या थापेलाच हात आखडला. तिने चप्पल काढून हातात घेतली आणि चपलेने ठोकू लागली. "जाई! जाई!" बऱ्याचशा कंटेनरांना नुसत्या कड्या होत्या. अगदी मागे, कुंपणाला लागून एक निळा कंटेनर होता. त्याला नवं कुलूप होतं.

"जाई!"

काही नाही. संघप्रियाने कान जवळ नेला. पलीकडून एक्सप्रेसवेची घरघर येत होती, त्यात काही ऐकू येईना. तिने पुन्हा ठोकलं आणि श्वास रोखून धरला. आतून, अगदी खालून, जमिनीलगत, कुणीतरी नखाने पत्रा खरवडला.

तिने ११२ लावला. पलीकडच्या बाईने काय झालंय विचारलं, तेव्हा तिने एकेक शब्द सुटा करून सांगितला. "एका बाईला लोखंडी कंटेनरमध्ये कोंडून बाहेरून कुलूप लावलंय. ती आत आहे. जिवंत आहे. अजून जिवंत आहे." पत्ता सांगितला. पलीकडच्या बाईने पुढे काहीच विचारलं नाही, गाडी निघते म्हणाली.

सिताराम मागोमाग आला होता. "चावी मालकाकडं हाय," तो म्हणाला, आणि मग एकाएकी वळून कुंपणाच्या फटीतून शेजारच्या वर्कशॉपकडे ओरडला. तिथला एक कामगार लोखंड कापायचा ग्राइंडर आणि लांब वायर घेऊन आला. कुलपावर चक्र टेकलं, ठिणग्या उडायला लागल्या, आणि त्या आवाजात गाडी आल्याचं कुणाला कळलंच नाही.

"काय चाललंय?"

निशांत उभा होता. तोच पांढरा शर्ट, तोच शांत आवाज. पुण्याला तो गेलाच नव्हता.

ग्राइंडरवाल्याने हात थांबवला. संघप्रिया ओरडली, "थांबू नका!"

"मॅडम, घरची मस्करी आहे ही," निशांत पुढे येत म्हणाला. "तिला कळावं म्हणून थोडा वेळ. आता उघडायलाच आलो होतो, बघा, चावी." त्याने खिशातून चावी काढून दाखवली, पण दिली नाही. "प्रत्येक गोष्ट सिरियसली घेता तुम्ही. तुम्हीच शिकवता ना, की बोललेलं सगळं तसं नसतं?"

"चावी द्या."

"आधी हा आवाज बंद करा. कामगार लोक बघतायत. माझी इज्जत आहे इथे."

वेणूबाई मध्ये येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात कुठूनतरी उचललेला लोखंडी गज होता. निशांत त्यांच्याकडे बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, नुसतं विसरून राहिल्यासारखं. ग्राइंडर पुन्हा सुरू झाला. कुलूप तुटून मातीत पडलं.

दार उघडलं तशी आतली हवा अंगावर आली. ओकारी यावी असा वास होता, घामाचा, गंजाचा, लघवीचा. जाई दाराशीच आडवी पडली होती, तोंड दाराच्या फटीला लावून. दाराच्या कडेची रबराची पट्टी तिने एका कोपऱ्यात कुरतडली होती. तिथून येणाऱ्या बोटभर हवेवर ती जगली होती. ओठ फुटले होते, डोळे उघडे होते, पण ओळख नव्हती. सितारामने आपल्या बाटलीतलं पाणी आणलं आणि "हलू पी, बाय, हलू," असं म्हणत स्वतःच रडायला लागला.

पोलिसांची गाडी आली. मागोमाग सुगत आला. निशांत पळाला नाही. पोलिसांना तो म्हणाला, "साहेब, नवरा-बायकोतली गोष्ट आहे," आणि गाडीत बसताना शर्टाची बाही नीट केली. मग त्याने मान वळवून संघप्रियाकडे पाहिलं. "जिन्याचं बघा मॅडम," तो म्हणाला.

जाई बरेच दिवस पनवेलच्या इस्पितळात होती. किडन्यांवर ताण आला होता, डॉक्टर आधी काहीच सांगत नव्हते, मग एका सकाळी म्हणाले, वाचली. तिसऱ्या की चौथ्या दिवशी एक महिला पोलीस अधिकारी जबाब घ्यायला आल्या. संघप्रिया उशाशी बसली होती.

"त्याने आधी कधी धमकी दिली होती?"

"रोज," जाई म्हणाली. आवाज घोगरा झाला होता.

"मग आधी का नाही आलात?"

"ताई, त्याला धमकी म्हणतात हे मला कुणी म्हटलं नाही. सगळे हसायचे."

अधिकारी लिहायच्या थांबल्या. मग त्यांनी निशांतचं एकेक वाक्य विचारलं, अगदी जसंच्या तसं, आणि जसंच्या तसं उतरवून घेतलं. संघप्रियानेही आपला जबाब दिला. त्यात तिने शनिवारचं सगळं बोलणं सांगितलं, जिन्याचं आणि थिनरचंही. तिला वाटलं होतं, यावर कुणीतरी म्हणेल की हे काळजीपोटी बोलला असेल. अधिकारी म्हणाल्या, "क्लास तिथे भरवू नका."

क्लास तिने जवळच्या बुद्धविहाराच्या तळमजल्यावरच्या सभागृहात हलवला. त्याला दोन दारं होती. मैत्री नोकरीला लागली. इतर बायका येत राहिल्या, एखाददुसरी घरच्यांनी बंद केली. फिगरेटिव्हली हा धडा संघप्रिया पुढच्या बॅचला शिकवायला गेली, पण उदाहरणं सांगायची वेळ आली तेव्हा तिने स्वतः फक्त कावळ्यांचं सांगितलं. "आणि घरी कुणी याहून वेगळं काही बोलत असेल," ती म्हणाली, "तर क्लास सुटल्यावर थांबा." त्या दिवशी दोघी थांबल्या.

जाईला भावाने माणगावजवळच्या गावी नेलं. तिच्या डोक्यावर केस परत यायला लागले होते. ती दर रविवारी फोन करायची, जास्त बोलायची नाही. आज अंगणात बसले, आज दार लावून झोपले, असं काहीतरी. बंद खोलीत झोपता येणं ही तिच्यासाठी मोठी गोष्ट होती.

पाऊस संपता संपता निशांतला जामीन मिळाला. जाईच्या गावात पाय ठेवायचा नाही अशी कोर्टाची अट होती. पण आठवड्याच्या आत त्याने कुणाकरवी तरी भावाला निरोप पाठवला. निरोप हसतखेळत दिलेला होता, मेहुण्याला देतात तसा: दाजी येतायत, पाहुणचाराची तयारी ठेवा, नाहीतर उचलून नेतील.

भाऊ ओसरीवर बसून ते पुन्हापुन्हा मनाशी म्हणत राहिला. मग आत जाऊन त्याने बहिणीला विचारलं, "जाई, म्हणजे हा खरंच येणार?"

"येणार," जाई म्हणाली.

भावाने चप्पल घातली आणि पोलीस पाटलाच्या घरी गेला. तिथून वाडीत घरोघर फिरला. कुणी म्हणालं, अरे, बोलायला काय जातंय, असं कोण येतो? भावाने वाद घातला नाही. दोनच शब्द बोलला, "येईल तो." आणि त्याच्या तोंडाकडे बघून माणसं उठली.

शुक्रवारी भर दुपारी पांढरी गाडी आली. अंगणात, ओसरीवर, रस्त्याच्या कडेच्या दगडांवर माणसं बसली होती. कुणी ओरडलं नाही, कुणी दगड उचलला नाही. गाडी सावकाश घरापर्यंत आली आणि थांबली. काच खाली झाली. निशांतने सगळ्यांकडे एकदा नजर फिरवली, हसून हात केला, जणू लग्नाला आलाय. कुणी हात केला नाही. आतल्या खोलीतून जाई खिडकीशी येऊन उभी राहिली होती. ती लपली नाही.

गाडी वळली. पोलीस पाटलाने नंबर सांगून ठाण्याला फोन लावला. माणसांना वाटलं, गेला एकदाचा, आणि कुणीतरी चहा टाकायला सांगितलं. पण फाट्यावर गुरं राखणारी बाई धावत आली. गाडी तिथे झाडाखाली उभी होती, ती म्हणाली. इंजिन बंद होतं. आणि आतला माणूस मागे रेलून, वाडीच्या रस्त्याकडे बघत, आरामात बसला होता.